मॅक्डोनाल्ड्सच्या काउंटरवरचे सुटे पैसे आणि रोनाल्ड मॅक्डोनाल्ड हाउस

शुभा_जर्सी:

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मॅक्डोनाल्ड्समध्ये बिल चुकते करताना पडद्यावर विचारले जाते की, रक्कम पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत नेऊन वरचे सेंट रोनाल्ड मॅक्डोनाल्ड हाउसला, म्हणजे आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी रुग्णालयाजवळ घरे चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचे का, आणि गेली तीन वर्षे मी न चुकता होकार देत आले आहे. माझी मुलगी सोड्याच्या कॅनवरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या बरणीत साठवते, त्याही शाळेमार्फत याच संस्थेकडे जातात.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून यंदा थोडी रक्कम शिल्लक राहिली आहे आणि ती या संस्थेला द्यावी, असा प्रस्ताव मी मांडला. त्यावर बैठकीत दोन हरकती आल्या. एक अशी की, गिऱ्हाइकांनी दिलेल्या पैशांवर कंपनीच करसवलत घेते. दुसरी अशी की, बर्गर आणि कोकवर मोठ्या झालेल्या कंपनीचे नाव आपल्या वर्गणीने आणखी का उजळावे? दोन्ही हरकती घेणारी माणसे विचारी आहेत, त्यामुळे मला त्यांना नीट उत्तर द्यायचे आहे. ही संस्था प्रत्यक्षात चालते कशी आणि पैसा जातो कुठे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

चौकस:

शुभाताई, करसवलतीबद्दलचा समज फार पसरलेला आहे, पण तो चुकीचा आहे. गल्ल्यावर गिऱ्हाइकाने दिलेली देणगी ही दुकानाची मिळकत धरली जात नाही, त्यामुळे दुकानाला ती स्वतःची देणगी म्हणून दाखवता येत नाही. दुकान ती रक्कम केवळ पुढे पोहोचवते. सवलत मागायची असेल तर ती तुम्हीच मागू शकता, आणि त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते.

दुसरा मुद्दा समजून घेण्यासाठी संस्थेचा उगम पाहावा लागेल. फिलाडेल्फिया ईगल्स या फुटबॉल संघातील फ्रेड हिल या खेळाडूच्या किम नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. उपचारांच्या काळात त्या कुटुंबाने पाहिले की, लांबून आलेले आईबाप रुग्णालयातल्या खुर्च्यांवर रात्र काढतात. संघाचे व्यवस्थापक जिम मरे मदतीचा मार्ग शोधत डॉ. ऑड्रे इव्हान्स यांच्यापर्यंत पोहोचले. बालकर्करोगावर आयुष्यभर काम केलेल्या या डॉक्टरांना हवे होते रुग्णालयाजवळ एक घर, जिथे आईबापांना अंथरूण, स्वयंपाकघर आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या आईबापांची सोबत मिळेल. मॅक्डोनाल्ड्सच्या स्थानिक शाखांनी मार्च महिन्यात विकल्या जाणाऱ्या शॅमरॉक शेक या हिरव्या मिल्कशेकच्या विक्रीतून पैसे दिले आणि त्या बदल्यात घराला आपल्या जाहिरातींतल्या रोनाल्ड मॅक्डोनाल्ड या विदूषकाचे नाव मागितले. 1974 साली ते पहिले घर फिलाडेल्फियात उघडले. नावाचा हा सौदा पहिल्या दिवसापासून उघड होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आजची रचना अशी आहे की, मध्यवर्ती संस्था कंपनीपासून कायद्याने वेगळी आहे आणि प्रत्येक गावचे घर चालवणारी शाखा पुन्हा स्वतंत्र नोंदणीची, स्वतःच्या विश्वस्तांची आणि स्वतःच्या हिशेबाची आहे. कंपनीची बहुतेक सर्व दुकाने फ्रँचायझीधारक, म्हणजे कंपनीचे नाव वापरण्याचा परवाना घेतलेले स्वतंत्र मालक, चालवतात, आणि त्यांच्यातले अनेक जण आपल्या गावच्या घराला पैसा आणि वेळ देतात. तरीही कंपनीचे नाव दारावर असल्यामुळे सगळा खर्च तीच उचलते, असा लोकांचा ग्रह होतो आणि तेथेच खरे नुकसान होते. घर चालते ते मुख्यतः सामान्य देणगीदार, स्थानिक उद्योग, स्वयंसेवक आणि तुमच्यासारख्यांच्या सुट्या पैशांवर. तुमच्या जवळच्या शाखेचे वार्षिक आयकर विवरण, म्हणजे फॉर्म 990, सर्वांना पाहण्यास खुले असते; बैठकीत तेच ठेवावे.

ओसरी:

मी हिशेबाबद्दल बोलणार नाही, कारण वर ते उत्तम आले आहे. आमच्या गावच्या घरात आम्ही पाच-सहा कुटुंबे मिळून वर्षातून चार वेळा रात्रीचे जेवण करतो, त्याबद्दल सांगते.

घरी शिजवलेले अन्न तेथे नेऊ देत नाहीत. सगळे सामान बंद वेष्टनात नेऊन त्यांच्याच स्वयंपाकघरात, हातमोजे घालून रांधावे लागते, कारण तेथे राहणाऱ्या काही मुलांची प्रतिकारशक्ती केमोथेरपीमुळे अगदी खालावलेली असते. प्रत्येक पदार्थापुढे त्यात काय काय आहे याची चिठ्ठी ठेवावी लागते. आम्ही शेंगदाण्याचे कूट पूर्णपणे वगळतो आणि मसालेभातात तिखट अगदी बेताने घालतो. उरलेले अन्न डब्यांत भरून, वर तारीख लिहून, फ्रीजमध्ये ठेवतो.

एकदा आवराआवर करता करता आम्हाला बराच उशीर झाला. तेवढ्यात एक वडील रुग्णालयातून आले. हातात रुग्णालयाची ओळखपट्टी, अंगावर चुरगळलेला सदरा. त्यांनी डबा गरम केला, उभ्यानेच चार घास खाल्ले आणि मग खुर्ची ओढून बसले. पुष्कळ वेळाने म्हणाले की, आज मुलीने दोन चमचे सूप घेतले. आम्हा कोणालाच त्यांचे नाव माहीत नव्हते. आम्ही ओटा पुसत राहिलो आणि ते जेवण संपेपर्यंत कोणीही निघाले नाही.

आमच्याकडे राहण्यासाठी दिवसाला अगदी किरकोळ रक्कम सुचवतात, पण ती देता आली नाही म्हणून कोणाला जागा नाकारत नाहीत. अपुऱ्या पडतात त्या खोल्या, आणि मग प्रतीक्षायादी लागते. म्हणून मंडळाने पैसे जरूर द्यावेत. शिवाय एका रात्रीच्या जेवणासाठी नावही नोंदवावे, असे मला कळकळीने वाटते.

परळकर:

दुसऱ्या हरकतीत तथ्य आहे, ते झटकून टाकू नये. मुलांना ओळखीचा वाटणारा विदूषक एकीकडे खाऊ विकतो आणि दुसरीकडे आजारी मुलांच्या घरावर दिसतो, याने कंपनीला जी सदिच्छा मिळते ती विकत घेता येण्याजोगी नाही. मुलांच्या आहाराची काळजी असलेल्या माणसाला हे खुपणारच.

पण मी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या परिसरात वाढलो आहे. उपचारांसाठी दूरदूरहून आलेली कुटुंबे फुटपाथवर चटई टाकून राहतात, हे शाळेत जाता-येता रोज पाहिले आहे. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि आता लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे यांनी किती जणांना छप्पर दिले, हेही पाहिले आहे. डॉ. इव्हान्स यांना जे हवे होते तेच गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधताना ओळखले होते: उपचार चालू असताना माणसाला पाठ टेकायला जागा लागते. त्यामुळे माझे मत असे की, हरकत घेणाऱ्यांनी बर्गर खाऊ नये, मुलांनाही देऊ नये, आणि धनादेश थेट स्थानिक घराच्या नावे लिहावा. तेवढ्याने ती हरकत आणि ती मदत, दोन्ही राहतील. शक्य असल्यास रकमेचा एक वाटा परळला पाठवावा.

शुभा_जर्सी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या जवळच्या घराचे विवरण उतरवून घेतले आहे आणि रविवारच्या बैठकीत ते मांडते. ओसरीताई, पन्नास माणसांच्या मसालेभातासाठी तांदूळ किती घेता, आणि तेथील शेगडीवर मोठे पातेले बसते का, एवढे कळवाल का?