'जगात सर्वाधिक लोकप्रिय' म्हणजे विचारलं कुणाला?

रानवाटा:
परवा इथे एकांनी मॉर्निंग कन्सल्ट या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीच्या, नेत्यांच्या लोकप्रियतेच्या आकड्यांची बातमी चिकटवली आणि खाली लिहिलं, "मोदी जगात पहिले, ज्यांना पोटदुखी आहे त्यांनी ओवा खावा." दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून वेगळा धागा.

माझं भांडण मथळ्याशी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोदींना ७८ टक्के होते, दुसरे मेक्सिकोचे लोपेझ ओब्राडोर, ६८ टक्के. मोदींबद्दल विचारलं भारतीयांना, ओब्राडोरांबद्दल मेक्सिकोवाल्यांना. जगाने कौल दिला कुठे? दहा घरांत प्रत्येकाला आपापल्या आईच्या हातचं जेवण आवडतं का विचारायचं, आणि जिथे जास्त 'हो' आले ती आई गावातली पहिली सुगरण ठरवायची, असं झालं हे! शिवाय मुलाखती ऑनलाइन, आणि भारतात फक्त साक्षरांच्या. हे ती संस्था स्वतःच लिहिते. २०११ च्या जनगणनेत आपली साक्षरता ७४ टक्के होती. म्हणजे चारातला एक माणूस सुरुवातीलाच बाहेर. आपल्या पेपरांना ही एक ओळ छापायला जागा नसते. निवडणूकपूर्व सर्वेक्षण छापताना ते कुणी केलं, कुणी करवून घेतलं, किती जणांना कसं विचारलं ते द्या, हे प्रेस कौन्सिलने १९९६ मध्येच सांगितलंय.

नाशिकरोड:
अमेरिकेतली कंपनी मोदींची बाजू का घेईल? तीच बायडेनना कमी आकडे द्यायची तेव्हा कुणी साक्षरता काढली नाही. तुम्हाला आकडा नको आहे, एवढंच.

रानवाटा:
पुन्हा वाचा. कंपनी पक्षपाती आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तिने दिलेली अट गाळून बातमी करणारे पक्षपाती आहेत.

बालाघाट:
माझी आजी अंगठेबहाद्दर. रेशनचं धान्य आणि गॅस मोदींनी दिला म्हणते, दर वेळी कमळालाच मत देते. तिला विचारलं असतं तर आकडा वाढला असता, कमी नसता झाला. निरक्षर म्हणजे मोदींच्या विरोधात, हे तुम्ही शहरात बसून ठरवलंत.

रानवाटा:
बरं, मान्य. आकडा फुगलाय असं मला म्हणता येणार नाही. पण मग ७८ हा 'देशाचा' आकडा आहे असं तुम्हालाही म्हणता येणार नाही.

चहाबिस्किट:
१३ जून २०२३ आठवा. 'राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे' ही पानभर जाहिरात. मुख्यमंत्री म्हणून कोण हवं, तर तेव्हाचे मुख्यमंत्री शिंदे २६.१ टक्के, उपमुख्यमंत्री फडणवीस २३.२. पैसे देऊन छापलेलं पान, आणि दिवसभर चॅनेलवर चर्चा जनतेने कौल दिल्यासारखी. दोघांची बेरीज ४९.३, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना दोघेही नकोत, हा मथळा मी तरी कुठे पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी फडणवीसांचा फोटो घालून नवी जाहिरात आली. चर्चा फोटोचीच झाली.

नाशिकरोड:
जाहिरात पक्षाची. त्यात पत्रकारांचा काय दोष?

फॉर्मवाला:
मथळे सोडा, आकडे येतात कुठून ते ऐका. कॉलेजात असताना मी एका सर्वेक्षण कंपनीसाठी फॉर्म भरायचो. दिवसाला तीस. दुपारी दोनपर्यंत बारा व्हायचे, लोक दारच उघडत नसत. उरलेले आम्ही दोघं पारावर बसून भरायचो. कुठला नेता आवडतो? एक तू, एक मी. अजून मनाला लागतं.

बालाघाट:
म्हणजे खोटे फॉर्म भरले तुम्ही आणि शिव्या खायच्या पेपरांनी? लाज वाटायला हवी.

फॉर्मवाला:
वाटते, म्हणून तर लिहिलं. पूर्ण भरलेल्या फॉर्मचेच पैसे मिळायचे. उन्हात तंगडतोड एकदा करून बघा, मग बोला.

खडूस मास्तर:
तुम्हाला निदान पैसे तरी मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये मराठा सर्वेक्षणाला आम्हा शिक्षकांना जुंपलं. दीडशेच्या वर प्रश्न, मोबाईल अॅपवर, एकेका घरात. आमच्याकडे नेटवर्क नाही. शाळेत चौथीचा वर्ग वाऱ्यावर. पण एकही फॉर्म मी पारावर बसून भरला नाही.

चहाबिस्किट:
मास्तर, धागा नेत्यांच्या लोकप्रियतेवर आहे.

खडूस मास्तर:
धागा तोच आहे. मोजणाऱ्याची काय अवस्था आहे हे न बघता तुम्ही टक्क्याच्या दशांशावर भांडताय. २६.१ मधला तो .१ कुणी मोजला?

नाशिकरोड:
मास्तरांचं पटलं. रानवाटांचं अजूनही नाही. तुमच्या आवडीचा नेता वर असता तर हा धागा निघाला असता का?

रानवाटा:
माझा राग सगळ्यांवर सारखा असता असं छातीवर हात ठेवून मी म्हणणार नाही. पण १ जून २०२४ ला एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, आल्या २९३. माझ्या मेहुण्याने त्या आकड्यांवर ३ तारखेला शेअर घेतले आणि ४ तारखेला बाजार कोसळला. ते आकडे ओरडून सांगणाऱ्या एकाही निवेदकाने त्याला नमुना कसा घेतला ते सांगितलं नव्हतं. तेव्हा तुमच्याच आवडीचा नेता वर होता ना, नाशिकरोड?

नाशिकरोड:
तेव्हा मीही शेअर घेतले होते. किती गेले ते विचारू नका.