फिशटॅंकमध्ये खरी झाडं की प्लास्टिकची? माझं तर दोन्हीकडून फसलंय

ओलेहात:
नमस्कार मंडळी, दोन फुटी टॅंक आहे, ५०-५५ लिटर पाणी बसतं, त्यात लांब पंखांचा एक फायटर मासा (बेटा) आणि तळाशी फिरणारे सहा कोरी मासे. पाच महिने झाले, मासे सगळे ठणठणीत आहेत. कुंडीतलं झाडसुद्धा माझ्या हातून जगत नाही म्हणून सुरुवातीलाच प्लास्टिकची झाडं टाकली होती, दिसायचीही झकास. पण दीड महिन्यापूर्वी बघते तर फायटरच्या शेपटीला उभी चीर गेलेली, कात्रीनं कापल्यासारखी, आणि दोन दिवसांनी दुसरी. मग सगळं प्लास्टिक काढलं आणि दोन खरी झाडं आणली, एक जाड गडद पानांचं अनुबियास आणि एक लांब पात्यांचं व्हॅलिसनेरिया. महिन्याभरात अनुबियासचं खोड मऊ पडून वास मारायला लागलं, व्हॅलिसनेरियाची पाती पारदर्शक होऊन विरघळतायत आणि काचेवर हिरवं शेवाळ आलंय ते वेगळंच. घरचे म्हणतात प्लास्टिक परत टाक आणि गप्प बस. काय करू? खरी झाडं माझ्यासारखीला जमतात का, की नादच सोडू?

गोल्डफिशवाला:
घरच्यांचं ऐका :) मस्करी सोडा, पण प्लास्टिकला उगाच बदनाम करतात लोक. माझ्याकडे गोल्डफिश आहेत, मी आजवर जी जी खरी झाडं लावली ती त्यांनी एकतर खाल्ली नाहीतर खडे उकरून मुळासकट वर काढली, सकाळी उठून बघावं तर सगळी झाडं पाण्यावर तरंगतायत. मासे कोणते आहेत यावरच निम्मा निर्णय होतो. तुमचा घोळ प्लास्टिकचा नाही, कडक प्लास्टिकचा आहे. कापडी पानांची मिळतात ना, सिल्कची म्हणून विकतात ती, ती घ्या. घेतल्यावर एक जुना नायलॉनचा पायमोजा पानांवरून सावकाश ओढून बघा, कुठेही धागा अडकला तर ते झाड फायटरच्या टॅंकमध्ये नको. आणि बुडखा नीट तपासा, काहींच्या आत तार असते, ती उघडी पडली की गंजते.

आणि हो, प्लास्टिक म्हणजे बिनकटकटीचं असंही नाही हां. शेवाळ त्याच्यावरही बसतंच. महिन्याला एकदा सगळी काढून जुन्या टूथब्रशनं घासायची, साबण अजिबात लावायचा नाही. फारच काळी पडली तर एक भाग साधं ब्लीच आणि वीस भाग पाणी, त्यात दहा मिनिटं, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवायची आणि क्लोरीन घालवणारं औषध टाकलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची. हे एवढं करायचा कंटाळा असेल तर प्लास्टिकही लावू नका.

शेवाळशत्रू:
ओलेहात ताई, नाद सोडू नका एवढ्यात. तुम्ही आणलेली दोन्ही झाडं चिवट जातीची आहेत, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर वगैरे काही लागत नाही त्यांना, म्हणजे कुठेतरी साधीच चूक झालीय. तीन गोष्टी सांगा. अनुबियास कसं लावलं, लाईट किती तास चालू असतो, आणि पाण्यात काही औषध किंवा खत टाकताय का? आणि शेपटीच्या चिरेची कड कशी आहे तेही बघा. स्वच्छ कापल्यासारखी असेल तर ती अडकून फाटलेली आहे, पाणी स्वच्छ ठेवलं की आपोआप भरून येते. कड काळपट, लालसर किंवा कुरतडल्यासारखी होऊन शेपूट आखूड होत चालली असेल तर ती कुज आहे, ते वेगळं प्रकरण.

ओलेहात:
कड स्वच्छ होती, आता तर जवळजवळ भरून आलीय, तिथे पातळ पारदर्शक पडदा दिसतो. अनुबियास कुंडीतून काढून खड्यांत चांगलं दोन इंच खोल पुरलं, हलू नये म्हणून. लाईट सकाळी उठले की लावते, झोपताना बंद करते, तेरा-चौदा तास होत असतील, झाडांना उजेड लागतो ना म्हणून. आणि दुकानदारानं लिक्विड कार्बनची बाटली दिली होती, झाडांना कार्बन मिळावा म्हणून पाण्यात टाकायचं औषध, ती रोज बुचभर टाकतेय.

शेवाळशत्रू:
सापडलं सगळं. ताई, तुम्ही झाडांचे फार लाड केलेत.

अनुबियासचं ते आल्यासारखं आडवं खोड असतं ना, ते पुरायचंच नसतं. खाली लोंबणारी मुळं खड्यांत गेली तर चालतात, पण खोड उघडं हवं, पुरलं की कुजतं, शंभर टक्के. जावा फर्न नावाच्या पाण्यातल्या झाडाचंही तसंच. अनुबियास वर काढा, मऊ भाग धारदार ब्लेडनं कापून टाका, आतून टणक लागेपर्यंत कापत जा, दोन-तीन पानांचा टणक तुकडा उरला तरी पुष्कळ झाला. तो लाकडाला किंवा दगडाला साध्या दोऱ्यानं बांधा. जेल सुपरग्लूचा थेंब लावून चिकटवलं तरी चालतं, सायनोअॅक्रिलेट असेल तर पाण्यात सुकून कडक होतं आणि माशांना त्रास होत नाही.

व्हॅलिसनेरियाचा खुनी बहुतेक ती बाटली आहे. लिक्विड कार्बन त्याला अजिबात सोसत नाही, पाती वितळतात. आजपासून बंद करा. शिवाय बरीच झाडं वाढवताना पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यात आली की जुनी पानं टाकून देतात आणि पाण्यातली नवी पानं काढतात, ते बघून लोक मेलं म्हणून फेकून देतात. पात्यांकडे बघू नका, बुडखा पांढरा आणि घट्ट आहे का ते चाचपून बघा.

आणि लाईट सात तासांवर आणा, टायमर लावा म्हणजे आपली आठवण मध्ये येत नाही. चौदा तासांचा उजेड झाडांना लागत नाही, शेवाळाची मात्र दिवाळी होते.

निवांत_मासा:
मी दोन्ही ठेवून बसलोय, त्यामुळे भांडणात पडत नाही, पण खऱ्या झाडांबद्दल दोन गैरसमज कायम ऐकतो. पहिला, झाडं आहेत म्हणजे एअर पंप नको. झाडं ऑक्सिजन सोडतात ते उजेडात, रात्री अंधारात तीच झाडं माशांसारखा ऑक्सिजन घेतात. टॅंक झाडांनी खच्चून भरलेला असेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील तर कारण हे असू शकतं, तेव्हा पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. (फायटर तसाही वर येऊन हवा घेतो, त्यावरून घाबरू नका.)

दुसरा, झाडं आहेत म्हणजे पाणी बदलायला नको. माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारा अमोनिया आणि नायट्रेट झाडं खातात हे खरं आणि खऱ्या झाडांचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा तोच, प्लास्टिक ते कधीच करणार नाही. पण दोन अनुबियास म्हणजे काही फिल्टर नव्हे, हळू वाढणारं झाड खातंही हळूच. भराभर वाढणारं काही हवं असेल तर हॉर्नवर्ट टाका, त्याला मुळंच नसतात, नुसतं सोडून द्यायचं. आणि कुजकं पान आत राहिलं तर उलट अमोनियाच वाढतो, म्हणून विरघळलेली पाती आजच्या आज उचला.

एक राहिलंच, नवीन झाडाबरोबर गोगलगाई फुकट येतात, पानाच्या मागे जेलीच्या ठिपक्यासारखी अंडी असतात, हातानं पुसून मगच आत टाका. कुंडीत आलं असेल तर मुळांभोवतीचा तो कापसासारखा पिवळट लोकर चिमट्यानं वेचून काढा, बुडाला शिशाची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही.

गोल्डफिशवाला:
बरं, एक कबूल करतो. मीही शेवटी मनीप्लांटची फांदी टॅंकच्या कडेला अडकवलीय, मुळं फक्त पाण्यात, पानं बाहेर. मुळं कुरतडतात थोडी पण झाड तगलंय आणि नायट्रेट खरंच कमी येतो. म्हणजे खरं झाड आहे पण माशांच्या तोंडापासून लांब. आत मात्र सगळं कापडीच, त्यात बदल नाही.

ओलेहात:
दोन आठवड्यांनी परत आले. अनुबियासचं अर्ध्याहून जास्त खोड कापावं लागलं, वास असा होता की खिडकी उघडावी लागली, उरलेला बोटाएवढा तुकडा लाकडाला बांधलाय, अजून आहे तसाच आहे, मेला नाही एवढंच. व्हॅलिसनेरियाची सगळी पाती कापली, बुडखा घट्ट होता म्हणून ठेवला, काल त्यातून बोटभर हिरवं पातं वर आलंय आणि शेजारी खड्यांतून आणखी एक टोक डोकावतंय, ते शेवाळ आहे की झाड हेच कळेना. लाईट सात तास. काच पुसली ती आठ दिवस स्वच्छ राहिली. मधल्या रिकाम्या जागेत फायटरला लपायला म्हणून एक कापडी झाड टाकलंय, पायमोज्याच्या परीक्षेत पास झालं, आधीची तिन्ही नापास झाली होती.

शेवाळशत्रू:
ते टोक बोटानं हलकेच ओढून बघा. जमिनीखालून आईच्या बुडख्याला दोरीसारखं जोडलेलं असेल तर ते पिल्लू आहे, व्हॅलिसनेरिया असंच पसरतं. तोडू नका, त्याला स्वतःची चार-पाच पाती येऊ द्या. आणि अनुबियासकडे रोज बघू नका, महिन्याला एखादं पान काढतं ते.

ओलेहात:
दोरी आहे!!