आउटबोर्डमधून तेल गळतंय: तुमच्याकडे शेवटी काय निघालं?

परवा होडी बाहेर काढली तर मागे लावलेल्या आउटबोर्ड मोटरच्या पंख्याखाली काळा डाग. पुसला, खाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा तसाच. सील (शाफ्टभोवतीची तेल अडवणारी रबरी कडी) गेलं म्हणून हळहळत बसलो, मग बोटावर घेऊन वास घेतला. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे पातळ होतं, पेट्रोलचा वास मारत होतं. माझं मशीन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जळतं, आणि धूर पंख्याच्या मधूनच बाहेर पडतो. अर्धवट जळलेलं तेल तिथून ओघळत होतं, बस्स. गिअरबॉक्स उघडायला निघालो होतो! तुमचेही अनुभव लिहा, आधी काय वाटलं तेही सांगा.

*

माझं उलटं झालं. बाहेर एक थेंब नाही, पण तेल बदलायला खालचा स्क्रू सैल केला तर आधी चमचाभर पाणी आलं (तेलापेक्षा जड, तळाशीच बसतं) आणि मागून दुधाळ चहासारखं तेल. पंखा काढला तर शाफ्टला तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गुंडाळलेला, इतका घट्ट की सुरी घालायला जागा नाही. त्याचा एक पदर थेट सीलच्या ओठाखाली शिरला होता. माझ्या मशीनमध्ये दोन सील पाठीला पाठ लावून असतात, एक तेल आत ठेवायला आणि एक पाणी बाहेर. दोन्ही बदलली, वर ओ-रिंगही. आता गळ टाकून आलो की पंखा काढून बघतो. बायको म्हणते, होडीपेक्षा पंख्याकडे जास्त लक्ष आहे.

*

गिअर ऑइलच्या स्क्रूखालचा वॉशर. जुनाच परत लावला होता. एवढंच.

*

वरच्यांना विचारायचं होतं, तेल भरता कुठून? मी वर्षभर वरच्या भोकातून ओतत होतो. आत हवा अडकायची, भरलं असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी पातळी खाली. मी गळती शोधत फिरतोय! खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरून बुडबुडे न येता तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून झटकन खालचा.

*

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी. मोटर गाडीत आडवी टाकून नेली, घाईत चुकीच्या कुशीवर. पोचलो तर एअर इनटेकमधून तेल ठिबकतंय, चालू केल्यावर पांढऱ्या धुराचा लोट. फुटलं काहीच नव्हतं. तेल सिलिंडरमध्ये उतरलं होतं. आता वाटतं, दोरी ओढायच्या आधीच स्पार्क प्लग काढून ते बाहेर घालवायला हवं होतं. कोणत्या कुशीवर ठेवायची याचं चित्र कव्हरवरच चिकटवलेलं होतं. तीन वर्षं रोज बघत होतो.

*

सील दोनदा बदलूनही पाणी शिरत राहिलं, तेव्हा प्रेशर टेस्ट केली. तेल काढून वरच्या भोकाला हातपंप आणि गेज लावलं, १० पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली (तुमचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, जास्त दिली तर चांगलं सीलही बिघडतं) आणि साबणाचं पाणी फासलं. पंख्याच्या शाफ्टवर काही नाही. शाफ्ट हाताने फिरवला तसे बारीक बुडबुडे, एकाच जागी, थांबवला की बंद. सील नवंच होतं, पण ते बसतं तिथे शाफ्टलाच चर पडली होती. नखाने लागत होती. आधी कधी नख फिरवलं नव्हतं.

*

माझ्याकडे ना इंजिन ना गिअरबॉक्स. मशीन वर उचलणाऱ्या हायड्रॉलिक दांड्याच्या सीलमधून गळत होतं. खूण अशी की रात्री वर उचलून ठेवलेलं मशीन सकाळी आपोआप खाली आलेलं असायचं. मला वाटायचं शेजारचा पोरगा खेळतो. त्याला दोनदा ओरडलोही आहे.