मदत हवी आहे – बुकर टी. वॉशिंग्टनबद्दल मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी, आमच्या वस्तीत रविवारी आठवी-नववीच्या पोरांचा वर्ग घेते, त्यात मागच्या वेळी टस्कीगीच्या शाळेची गोष्ट सांगितली. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणजे गुलामगिरीत जन्मलेले अमेरिकेतले कृष्णवर्णीय शिक्षक. १८८१ला त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय मुलांसाठी ही शाळा काढली, पोरं स्वतः विटा पाडायची, तीन वेळा भट्टी फसली, मग यानी घड्याळ गहाण टाकून १५ डॉलर आणले आणि चौथी भट्टी जमली. पुढे त्याच विटा घ्यायला गोरे लोक पण यायला लागले. पोरं एकदम खूश.

पण एक मुलगी, कायम मागच्या बाकावर असते, पटकन म्हणाली, "म्हणजे ताई, आधी विटा चांगल्या पाडून दाखवायच्या, मगच माणूस म्हणणार का?" मी गप्पच झाले हो!

त्याच काळातले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस, त्यांचा वॉशिंग्टनवर आक्षेप साधारण हाच होता ना, की मतदानाचा हक्क, उच्च शिक्षण मागे ठेवून नुसतं कष्ट करा म्हणणं बरोबर नाही? आणि कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर १८९६पासून टस्कीगीतच शिकवत होते, शेतकऱ्यांसाठी राबले, ते पण खोटं नाही.

चाळीस मिनिटात दोन्ही बाजू कशा मांडू? मराठीत सोपं काही वाचायला आहे का, प्लीज सांगा, येत्या रविवारी ती परत विचारणारच.