मदत हवी आहे: टिक्ससाठी (नकळत, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली-आवाज) हॅबिट रिव्हर्सल शिकवणारं नाशिकमध्ये कोणी?

मुलगा ९ वर्षांचा. १४ महिन्यांपासून डोळे मिचकावणं, मान झटकणं; ८ महिन्यांपासून घसा खाकरणं. डोळे, कान-नाक-घसा तपासून झालं, दोन्ही ठीक. मेंदूविकारतज्ज्ञांनी टुरेट (हालचाली आणि आवाज, दोन्ही टिक्स वर्षाहून जास्त टिकणारा विकार) सांगितलं. त्यावरच्या क्लोनिडीन या औषधाने वर्गात झोप यायची. त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू थांबवलं (एकदम सोडलं तर रक्तदाब उसळतो). घरात टोकणं बंद केलंय, टोकलं की वाढतंच.

आता हॅबिट रिव्हर्सल हवंय: टिकआधीची ऊर्मी ओळखायची, मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित आत घेऊन मिनिटभर धरायची. साधारण ८ सत्रं. नुसतं समुपदेशन नको. मराठीतून, शनिवारी, नाशिकरोड ते गंगापूर रोड कुठेही, ऑनलाइनही चालेल.

असं प्रत्यक्ष शिकवणारं कोणी माहीत आहे? आणि खाकरण्यावर, नाकाने सावकाश श्वास सोडण्याशिवाय, आणखी कोणती पर्यायी कृती उपयोगी पडते?