मतदारसंघ म्हणजे माणसं की जमीन?

माणदेशी : आमच्या व्होटर स्लिपवर '253 - सांगोले' छापून येतं. मित्र म्हणतो मतदारसंघ म्हणजे एरियाच, हिंदीत सरळ निर्वाचन क्षेत्र म्हणतात ना. मग मराठीत हा संघ कुठून आला?

शब्दवेडी : दादा, शब्द फोडून बघा, मतदारांचा संघ, म्हणजे मुळात माणसंच. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ घ्या की. माझा भाऊ ग्रॅज्युएट, त्याचं नाव पुणे पदवीधरच्या यादीत आहे, आई सातवी शिकलेली म्हणून तिचं नाही, घर एकच चूल एकच, पण त्या मतदारसंघात एक आहे आणि एक नाही. नुसत्या जमिनीचा हिशोब इथे पुरत नाही!

माणदेशी : हे भारी सांगितलंत ताई. पण विधानसभेला तर गावंच मोजतात, आमच्यात पंढरपूर तालुक्यातली पण काही गावं येतात.

शब्दवेडी : हो, वापरात दोन्ही अर्थ मिसळलेत. 'मतदारसंघ पिंजून काढला' म्हणतो तेव्हा गावं, रस्ते, वाड्यावस्त्या डोळ्यासमोर असतात, पण 'मतदारसंघ बांधला' म्हणतो तेव्हा माणसं. आणि बांधला हा शब्द तुमच्या सांगोल्याइतका कुठे शोभत असेल असं मला वाटत नाही. गणपतराव देशमुख शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, 1962 ला पहिल्यांदा आमदार झाले आणि 2014 पर्यंत 11 वेळा निवडून आले, 1972 आणि 1995 ला पडले तरी पुन्हा तिथूनच उभे राहिले न् आले, पक्ष एकच. राज्यभर शेकाप आटत गेला तरी ही माणसं धरून राहिली, हा खरा संघ. नुसत्या क्षेत्र शब्दात हे मावत नाही हो.

माणदेशी : वाचून अंगावर काटा आला. 1972 ला पडल्यावर 1974 च्या पोटनिवडणुकीत ते परत आले होते. आता हे पोट काय प्रकरण आहे तेही सांगा.

शब्दवेडी : पोटकलम, पोटजात, पोटभाडेकरू यातलंच पोट, मोठ्या गोष्टीच्या आतली छोटी. सार्वत्रिक निवडणुकीने आलेल्या सभागृहाची मुदत चालू असते, त्यात एक जागा मधेच रिकामी होते, तेवढ्यापुरती निवडणूक, आणि निवडून येणाऱ्याला उरलेलीच मुदत मिळते. उपनिवडणूक पण चालतं पण मला पोटच आवडतं, घरातलं वाटतं.

कोपरा : मधेच बोलतो. 2019 ला गणपतराव उभे नव्हते, नातू अनिकेत देशमुख 768 मतांनी पडले, शहाजीबापू पाटील आले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख आले, परत शेकाप. 768 म्हणजे एखाद्या वस्तीचा बूथ इकडचा तिकडे, तिथे एकेक माणूस मोजावा लागतो, म्हणून माझंही मत 'संघ' या शब्दालाच. बाकी स्लिपवर सांगोले आणि आपण म्हणतो सांगोला, यातलं बरोबर काय?

शब्दवेडी : सांगोले नपुंसकलिंगी, सांगोला पुल्लिंगी, पण प्रत्यय लागला की दोघांचं सामान्यरूप एकच. सांगोल्यात, सांगोल्याचा, सांगोल्याहून. त्यामुळे बोलताना हा फरक कळतही नाही, स्लिपवरच दिसतो.