पदवी हाती यायच्या आत नवऱ्याची फाईल टाकावी, की नोकरी लागेपर्यंत थांबावं?

दुपारची फेरी (धागाकर्ती)
कॅनडात माझं २० महिन्यांचं मास्टर्स संपत आलंय, शेवटची सेमिस्टर चालू आहे. नवरा भारतात. लग्नाला दोन वर्षं होत आली, त्यातलं दीड वर्ष फोनवर गेलं. आधी त्याची नोकरी, मग माझी परीक्षा, मग पैसे, असं करत त्याच्या ओपन वर्क परमिटची (कुठल्याही मालकाकडे काम करायच्या परवान्याची) फाईल राहूनच गेली.

माझं मत सरळ आहे: स्टडी परमिट जिवंत आहे तोवर अर्ज टाकून मोकळं व्हावं. २१ जानेवारी २०२५ पासून जे नियम आले, त्यांत विद्यार्थ्याच्या जोडीदारासाठी कोर्स बघतात. मास्टर्स १६ महिन्यांचं किंवा जास्त असलं की झालं, मी कुठे काम करते हा प्रश्नच येत नाही. एकदा पीजीडब्ल्यूपीवर (शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या वर्क परमिटवर) गेले की सगळं माझ्या नोकरीवर येतं. ती टीयर (कॅनडाने कामांना लावलेली श्रेणी, ० सगळ्यात वरची) ० किंवा १ मधली हवी, नाहीतर २-३ मधली ठरावीक क्षेत्रांतलीच, शिवाय माझ्या परमिटवर १६ महिने शिल्लक हवेत. आज जी पात्रता आयती हातात आहे ती सोडून उद्याच्या, अजून न लागलेल्या नोकरीच्या भरवशावर का बसायचं?

मैत्रिणी म्हणतात घाई करतेस. बोला.

मोजपट्टी
घाईच करताय. जोडीदाराचं परमिट साधारणपणे तुमच्या परमिटच्या तारखेपर्यंतच मिळतं. तुमचं स्टडी परमिट कोर्स संपल्यावर ९० दिवसांनी संपणार, कागदावर पुढची तारीख असली तरी. म्हणजे त्याने तिकडची नोकरी सोडायची, इथे यायचं, आणि हातात काय? चार-पाच महिन्यांचा कागद. असा कागद बघून कोण नोकरीवर घेईल? त्यात अर्ज करताना तुम्ही विद्यार्थिनी आणि निर्णयाच्या वेळी पदवीधर, हा मधला बदल कळवत बसायचा तो वेगळाच.

मास्टर्सवर तीन वर्षांचं पीजीडब्ल्यूपी मिळतं. ३६ मधून १६ वजा केले तर २० महिने उरतात. एवढ्यात बरी नोकरी लागत नाही का? मग फाईल टाका, त्यालाही लांब मुदतीचं मिळेल.

रिकामा मग
हे २० महिने कागदावर छान दिसतात. मी ते जगलोय, म्हणून लिहितो.

माझं मास्टर्स १२ महिन्यांचं. फेब्रुवारी २०२४ पासून छोट्या मास्टर्सवरही तीन वर्षांचं पीजीडब्ल्यूपी द्यायला लागले, ते मला मिळालं. पण बायकोसाठी १६ महिन्यांचा कोर्स हवा, त्यामुळे शिकत असताना तिला आणता आलं नाही. बरं, म्हटलं नोकरीवर आणू. माझ्या क्षेत्रात काही मिळेना, तेव्हा एका दुकानात सुपरवायझर झालो. टीयर २. पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) हा अनुभव चालतो. बायकोच्या परमिटला चालत नाही, कारण त्या यादीत बांधकाम, आरोग्य, शिक्षण, विज्ञान-तंत्रज्ञान वगैरे आहे, दुकानदारी नाही! हे मला अकरा महिने काम केल्यावर कळलं. चूक माझीच, यादी आधी वाचायला हवी होती. पण भाडं थकलेलं असताना माणूस यादी वाचून नोकरी धरत नाही.

धागाकर्तीशी सहमत. दार उघडं आहे तोवर पाय आत घाला.

साखरझोप
अप्रिय मत लिहितो, दगड जपून मारा. नियम बरोबरच आहेत. व्हिसा शिकायला घेतला होता, संसार थाटायला नाही. अमेरिकेत एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) जोडीदाराला काम करताच येत नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सवाल्यांना (संशोधनाचे सोडून) कुटुंब आणणंच बंद केलं. कॅनडा अजून देतोय हेच पुष्कळ. घरभाडी कुठे गेली होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा शिव्या आपणच घालत होतो.

केतकीचं पान
@साखरझोप, शेजारचा उपाशी झोपतो म्हणून माझ्या ताटातली पोळी मोठी होत नाही. आणि नियम कडक असण्याबद्दल कुणी रडत नाहीये. ज्यांनी आधीचे नियम पाहून घरदार गहाण ठेवून प्रवेश घेतला, त्यांच्या कोर्सच्या मधोमध नियम बदलले. मार्च २०२४ मध्ये एकदा, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा. राग त्याचा आहे.

साखरझोप
नियम बदलू शकतात हे न धरता कर्ज काढणं हा नियमांचा दोष नाही. असो. धाग्याचं काश्मीर नको.

पळवाट पाटील
सोपं काम अवघड करताय राव. पीआरच्या प्रोफाइलमध्ये अविवाहित दाखवा, एकट्याचा स्कोअर वाढतो, पीआर आलं की बोलवा त्याला.

मोजपट्टी
@पळवाट पाटील, हे वाचून कुणी खरंच करेल म्हणून लिहितो. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षांची बंदी. शिवाय पीआर घेताना जोडीदार लपवला तर पुढे त्याला स्पॉन्सर करण्याचा रस्ताच बंद होतो. तिच्या स्टडी परमिटच्या फॉर्मवर 'विवाहित' लिहिलेलं आहे, ते काय खोडणार? संपादकांनी हा प्रतिसाद उडवला तर बरं.

कागदी घोडा
दोन्ही टोकं सोडून मधलं एक सांगतो. त्याला व्हिजिटर म्हणून येऊ द्या. तुमचं पीजीडब्ल्यूपी आलं, चालणारी नोकरी लागली, की तो कॅनडात राहूनच ओपन परमिटचा अर्ज करू शकतो. नोकरीचं पत्र आणि पे-स्टब (पगाराच्या पावत्या) जोडा. तोवर त्याला काम करता येणार नाही एवढंच. 'एवढंच' म्हणजे एका पगारात दोघं, हिशेब तुमचा तुम्ही करा. पीजीडब्ल्यूपीला कोर्स संपल्याचं पत्र आल्यापासून १८० दिवस असतात, पण स्टडी परमिट संपायच्या आत अर्ज गेला तर तुम्हाला लगेच पूर्ण वेळ काम करता येतं. नवऱ्याच्या फाईलच्या नादात स्वतःची विसरू नका. हसू नका, विसरलेले पाहिलेत.

उतारावरचा सायकलवाला
इथपर्यंत सगळं वाचलं. एवढ्या चर्चेत तो नवरा कुठे आहे?

मी असाच आलेला नवरा आहे, बायकोच्या स्टडी परमिटवर. परमिट 'ओपन' म्हणजे सगळी दारं ओपन, असं मीही समजत होतो. तिकडे नऊ वर्षं अकाउंट्स केलं, इथे पहिले आठ महिने गोदामात खोके उचलले. त्याचं दुःख नाही. दुःख नातेवाइकांच्या फोनचं. "मग, तू काय करतोस?" असं विचारून पुढे जी दोन सेकंद शांतता असते ना, ती. बाई डिपेंडंट म्हणून आली तर कुणी विचारत नाही (ते चूकच), पुरुष आला की सगळ्यांना त्याची काळजी.

तरी परत निवडायचं झालं तर तेच करेन. एकत्र असलो की भांडण त्याच दिवशी मिटतं. इथल्या एका वर्षाच्या अनुभवाचे पीआरच्या स्कोअरमध्ये जोडीदार म्हणून पाच गुणही मिळाले, पण पाच गुणांसाठी कुणी खोके उचलत नाही. ताई, त्याला विचारलंत का?

दुपारची फेरी
विचारलं. काल रात्री, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर. तो म्हणाला, "तू बोलावशील तेव्हा येईन," आणि मग बराच वेळ गप्प. खोदून विचारल्यावर कळलं की त्याला लवकरच टीम लीड करणार आहेत आणि त्याचा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे. म्हणजे मोजपट्टी म्हणतात त्या माझ्या ९० दिवसांएवढाच! आज राजीनामा दिला तरी तो मोकळा होईपर्यंत इकडे माझी परीक्षा होऊन गेलेली असेल.

मत बदललं नाही, पण थोडं हललं. फाईल या आठवड्यात टाकतेय. वर्क परमिटचे १५५ आणि ते ओपन असल्याचे १०० डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे ८५, गेले तर गेले. राजीनामा मात्र परमिट हातात आल्याशिवाय नाही. मुदत छोटी मिळाली तर इथे येऊन ती संपायच्या आत पुढचा अर्ज करू, तोवर मला नोकरी लागलेली असेल.

मोजपट्टी
"लागलेली असेल." पहिल्या पोस्टमध्ये याच वाक्याविरुद्ध लिहिलं होतंत.

दुपारची फेरी
हो. माहीत आहे.

रिकामा मग
टाका हो फाईल. आणि ती यादी आधी वाचा.